बचतीचे धडे पुरे. हिशेब विचारायला शिकवा!

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूचा हंगाम सुरू होतो. बाई पहाटे अंधारात घर सोडते. उन्हाचा चटका बसायच्या आत पानांचे ओझे डोक्यावर घेऊन परत येते. मग अंगणात म्हातारी, लेकरे, सून अशी घरची सगळी माणसे बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. संध्याकाळी ते पुडे फळीवर जातात. तिथे मोजणी होते आणि कार्डावर आकडा पडतो. भाव शेकड्याचा, म्हणजे शंभर पुड्यांचा. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. आता प्रश्न असा की शंभर म्हणून नेमके किती पुडे घेतले? खराब म्हणून बाजूला काढलेले पुडे परत दिले की ठेवून घेतले? कार्डावर किती लिहिले? बोनस कधी आणि किती मिळणार? हे प्रश्न अर्थशास्त्राचे नाहीत, तर मग कशाचे आहेत?

पण या बाईला आजवर कोणत्याही शाळेने, कोणत्याही शिबिराने हे प्रश्न विचारायला शिकवलेले नाही. तिला काय शिकवले जाते? बचत करा. अनावश्यक खर्च टाळा. कर्जाचे हप्ते वेळेवर भरा. रिझर्व्ह बँक २०१६ पासून दरवर्षी आर्थिक साक्षरता सप्ताह साजरा करते. त्यातली माहिती उपयोगाची असते, हे आम्ही नाकारत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती, त्यांच्या हाती पासबुक आले. हेही चांगलेच झाले. परंतु या सगळ्या शिक्षणाचा रोख एकाच दिशेला आहे. गरीब माणूस गरीब का? तर त्याला पैसा सांभाळता येत नाही म्हणून! जणू दोष त्याच्या सवयींचा आहे; मोजणाऱ्याचा, मापणाऱ्याचा, व्याज लावणाऱ्याचा काहीच नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

हा आक्षेप आमच्या पदरचा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापकाने तो शास्त्रशुद्ध भाषेत मांडला होता. त्या प्राध्यापकाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर!

घटनाकार बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. चवदार तळ्याचे, काळाराम मंदिराचे, धम्मदीक्षेचे बाबासाहेब आपल्या हृदयात आहेत. पण प्राध्यापक आंबेडकरांकडे आपण फारसे वळून पाहत नाही. १९१७ साली ते परदेशातून परतले, बडोद्यात अपमान सोसून मुंबईला आले, आणि पोटापाण्यासाठी त्यांनी शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारे कार्यालय काढले. आजच्या भाषेत सांगायचे तर आर्थिक सल्लागार! सल्ला चांगला होता, लोक येतही होते. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे, हे कळले आणि लोक येईनासे झाले. कार्यालय बंद पडले. ज्ञान खरे होते, गणित बरोबर होते, पण जात आडवी आली. पैशाला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या नव्या प्राध्यापकाला फारसे मनावर घेतले नाही. पण त्यांची तयारी आणि मांडणी पाहून पुढे इतर कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत, मोजूनमापून खर्च करत, आणि पगारातून शिल्लक टाकून १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. ती ओढाताण माता रमाईने घरात निभावली. काटकसर म्हणजे काय, हे त्या घराला कुणी शिबिर घेऊन शिकवायची गरज नव्हती!

पुढे वकिली करत असतानाही १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९५३ मध्ये तिचे सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय उभे राहिले. पैशाचे ज्ञान आपल्या मुलांच्या हाती आले पाहिजे, ही तळमळ त्यामागे होती.

ज्या मुद्द्यासाठी आम्ही हे सगळे सांगितले, तो आता पाहा. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळचे पंडित म्हणत होते की जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी दरिद्री आहे. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे नुसते एकरावर ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारे किती, किती माणसे तिच्यावर अवलंबून आहेत, या प्रमाणावर ते ठरते. भांडवल नसेल तर मोठे वावरही तोट्याचे. म्हणून शेतीवरचा माणसांचा भार कमी करा, उद्योग वाढवा. म्हणजेच त्यांनी दोष गरिबाच्या अंगावर न टाकता व्यवस्थेच्या हिशेबात शोधला. आजच्या आर्थिक साक्षरतेला हीच कसोटी लावून पाहा. तीनशे रुपये रोजीतून पन्नास वाचव, असे सांगणे सोपे आहे. रोजी तीनशेच का, हे विचारायला शिकवणे अवघड आहे. शिक्षण दोन्हीचे हवे.

आमच्या या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत गृहअर्थशास्त्र नावाचा विषय आहे. कला शाखेच्या मुली तो घेतात. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये त्याला जोडली गेली. पण या विषयाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी कशी? मुलींचा सोपा विषय! स्वयंपाक, शिवण, भरतकाम! हा या विषयाचा अपमान आहे, आणि तो शिकवण्यात हयात घालवलेल्या प्राध्यापिकांचाही.

अमेरिकेत हा विषय कुणी उभा केला? एलन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाईने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने पिण्याचे पाणी तपासले, वाण्याच्या दुकानातल्या मालातली भेसळ प्रयोगशाळेत नेऊन दाखवली. तिचे म्हणणे असे की घर चालवणाऱ्या बाईला विज्ञान आणि पैसा दोन्ही कळले पाहिजेत. म्हणजे हा विषय जन्मला तोच दुकानदाराला जाब विचारण्यातून. कुटुंब, ग्राहक आणि पैसा हे तिन्ही त्यात एकत्र आहेत. पुस्तकातल्या या धड्याला गावात नेण्याची जबाबदारी कुणाची?

गावात या शिक्षणाची गरज किती आहे, याची चार उदाहरणे आम्ही देतो.

पहिले कर्जाचे. गटकर्जाचे कार्ड घेऊन आमच्याकडे आलेल्या एका भगिनीला आम्ही विचारले, ‘मावशी, व्याज किती?’ तिने हप्ता किती ते झटकन सांगितले. व्याजाचे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आता हा हिशेब करू. दहा हजार रुपये कर्ज, बारा महिन्यांत फेड, व्याज ‘शेकडा दोन’. ऐकायला किती थोडे! वर्षाचे २,४०० रुपये व्याज धरून हप्ता बसतो सुमारे १,०३३ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते. सहा महिन्यांनी तिच्याकडे निम्मेच उरते. व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लावलेले! घटत्या शिलकीवर मांडले तर हा दर वर्षाला चोवीस टक्के राहत नाही, तो चाळीस टक्क्यांच्या वर जातो. हे गणित सातवीच्या मुलालाही समजावता येते. मग ते आजवर सांगितले का गेले नाही?

१ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले असे कर्ज तारणाशिवाय द्यायचे. सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त व्हायला नकोत. व्याज आणि सगळे आकार यांचा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी तगादा लावायचा नाही. नियम पाळला नाही तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही. आणि सावकार असेल तर २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे. त्यात मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही; अवैध सावकाराने पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. हा कायदा गावात किती जणांना माहीत आहे?

दुसरे उदाहरण ग्राहकाचे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. यात एक फार मोठी सोय झाली. तक्रार करणारा जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात त्याला तक्रार करता येते. पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या दारात जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. बोगस बियाणे, बंद पडलेला पंप, नाकारलेला विमा या सगळ्याची दाद तिथे मागता येते. पण सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली गाठायला सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते, आणि तेलुगू, माडिया, गोंडी बोलणाऱ्या माणसाला अर्ज मराठीत लिहायचा असतो. म्हणून अर्ज लिहून देणारा माणूस गावातच तयार झाला पाहिजे. रेशनचेही तेच. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले, म्हणून पावती मागायची नाही असे नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे पस्तीस किलो. मशीनमधून निघालेली पावती हातात घ्या, वाचा, मग पोते उचला.

तिसरे उदाहरण बुडालेल्या ठेवींचे. दामदुप्पट देतो म्हणणारी कंपनी गावात येते, तेव्हा एजंट कोण असतो? आपलाच भाचा, आपलाच मास्तर, आपलाच कार्यकर्ता! म्हणून विश्वास बसतो, आणि पैसा बुडाल्यावर तक्रारही होत नाही. एकट्या पीएसीएल कंपनीच्या प्रकरणात २०१४ मध्ये सेबीने देशभरातील गुंतवणूकदारांचे सुमारे ४९ हजार १०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्यांनी कागद जपला, त्यांनाच दावा करता आला. आणखी एक गोष्ट. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्या दिसतात, पण फरक हा आहे. पैसा ठेवण्याआधी विचारा.

चौथे उदाहरण घरातलेच. कर्ज बाईच्या नावावर, सही तिची, हप्त्याची जबाबदारी तिची आणि पैसा नवऱ्याच्या खिशात! स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांच्या अनुयायांच्या घरात पासबुक कुणाच्या हातात आहे? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदी असावी की नसावी यावर मतभेद आहेत. पण तिची मागणी घेऊन रस्त्यावर आल्या त्या बाया होत्या. घरात आलेल्या पैशाचे काय होते, याचा हिशेब त्यांनी मोर्चात मांडला. कुटुंबाच्या अर्थशास्त्राचा याहून मोठा तास आमच्या पाहण्यात नाही.

मग हे सगळे शिकवता येईल का? येईल. त्याचा पुरावा याच जंगलात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने वर्षानुवर्षे अभ्यास गट चालवला. देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने गावकरी एकत्र बसत, कायदा वाचत, प्रश्न विचारत आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेत. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. वनखाते म्हणे बांबू हे लाकूड. कायदा म्हणे ते गौण वनोपज. गावाने कायद्याचे कलम पुढे ठेवले, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याच्या पाचगावनेही २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतः सुरू केला. आणि तेंदू तोडल्याने जंगलाचे नुकसान होते, असे ठरवून तेंदूचा पैसा सोडून दिला! नफा कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा, हे ज्या गावाला कळले, त्याला आर्थिक निरक्षर कोण म्हणेल?

आज गडचिरोलीतील कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. करारनामा, जमाखर्च, बँक खाते, मजुरीचे वाटप ही सारी कामे आता गावाची आहेत. ठेकेदाराला हिशेब विचारणे एकवेळ सोपे, पण आपल्याच समितीच्या अध्यक्षाला, आपल्याच नातेवाइकाला विचारणे फार कठीण. आणि आम्ही हे केवळ आदिवासी बांधवांना सांगत नाही. आमच्या वस्तीतील जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च फळ्यावर लागतो का? विहाराच्या देणगीची पावती फाडली जाते का? पतसंस्थेच्या सभेत ताळेबंद वाचून दाखवतात का? हिशेब मागणारा शत्रू ठरतो आणि हिशेब न देणारा नेता ठरतो, ही आपली स्थिती आहे. प्रस्थापितांना जाब विचारायचा असेल, तर ही सवय घरापासून लावावी लागेल.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब चांद्याला आले आणि त्यांनी येथे धम्मदीक्षा दिली. तेव्हा आजचा गडचिरोली जिल्हा चांद्याचाच भाग होता. तो वेगळा झाला १९८२ मध्ये. आजही दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दोन्ही जिल्ह्यांतून लोक येतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात. आमची साधी सूचना आहे. त्या स्टॉलच्या रांगेत एक टेबल मांडा. गृहअर्थशास्त्राच्या आणि वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांनी आपले विद्यार्थी घेऊन तिथे बसावे. गोंडी, माडिया, तेलुगू जाणणारी मुले सोबत घ्यावीत. पाटीवर एवढेच लिहावे: ‘कागद दाखवा, वाचून सांगतो’. कर्जाचे कार्ड, विम्याची पॉलिसी, ठेवीची पावती, तेंदूचे कार्ड, जे असेल ते माणसाने पुढे ठेवावे. त्यात काय लिहिले आहे आणि कुणाला काय विचारायचे, हे त्याला समजावून सांगावे. गरज पडली तर तिथेच अर्ज लिहून द्यावा. खर्च किती? चार खुर्च्या, कोरे कागद आणि दोन दिवस. पुढे हेच टेबल मे महिन्यात तेंदूच्या फळीवर आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारात न्यावे.

आमच्या समाजातून आज अनेक प्राध्यापक झाले आहेत. पगार आहे, पेन्शन आहे, शहरात घर आहे. हे बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळाले, असे सगळेच भाषणात सांगतात. मग त्याची परतफेड म्हणून पुढच्या ऑक्टोबरात त्या टेबलामागे येऊन बसा. हाती कार्ड घेऊन आलेल्या मावशीला व्याज किती ते एकदा नीट मांडून दाखवा. पुढचा प्रश्न ती स्वतः विचारील.